पावात भाजलेला सम्राट

नाताळच्या सकाळी सव्वाआठ वाजता स्वेतोझार वुकादिनोविच स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता आणि त्याच्या हातातल्या कपात नुसतं पाणी होतं. रात्री त्याच कपात एक रोमन सम्राट होता. त्याने कप हलवून पाहिला, तिरका करून पाहिला, शेवटी बोट घालून तळ चाचपला. सम्राट पसार झाला होता.

तसे त्याच्या खोलीत आणखी त्रेसष्ट सम्राट शिल्लक होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून स्वेतोझार जुनी रोमन नाणी जमवत होता, पण एका अटीवर: चेहरा कुरूप पाहिजे. मानेला वळ्या असलेले, डोळे बटबटीत असलेले, कपाळावर कायम पोटदुखीची आठी असलेले राजे त्याला प्रिय. देखण्या राजांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. ज्याने टाकसाळवाल्याला 'आहे तसा कोर' असं सांगितलं तेवढाच राजा खरा, असं त्याचं म्हणणं. मित्रोवित्सा गावात शेत नांगरलं तरी रोमन नाणी निघतात, त्यामुळे तिथे कुणी ती जमवली तर कुणाला त्याचं कौतुक नसतं. पण थोबाडं जमवणारा हा एकटाच.

या सगळ्यांचा मेरुमणी होता माक्सिमीन. नाक पुढे, आणि हनुवटी नाकाशी पैज लावून त्याच्याही पुढे. फ्रान्समधल्या एका हट्टी म्हाताऱ्याला अकरा पत्रं लिहून आणि तीन बऱ्यापैकी कुरूप राजे देऊन स्वेतोझारने हे चांदीचं नाणं मिळवलं होतं. परवा गावच्या वाचनालयात नाणेमंडळाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन व्हायचं होतं. मधल्या पेटीत माक्सिमीन असणार होता आणि खाली छापील कार्ड: 'स्वेतोझार वुकादिनोविच यांच्या संग्रहातून'. एकेचाळीस वर्षं रुळांचे सांधे बदलून ज्याचं नाव कुणी खडूनेसुद्धा लिहिलं नव्हतं, त्याला या कार्डाचं काय वाटत असेल ते सांगायला नको. सम्राटाच्या कानात थोडा मळ दिसला म्हणून काल त्याने त्याला कपात भिजत घातलं होतं.

"बाबा, काही शोधताय?" मागून तियाना म्हणाली. तियाना म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आलेली सून. तिच्या हातात वाफाळती चेस्नित्सा होती, नाताळला नाणं घालून भाजतात तो गोल पाव.

"या कपात काही होतं का गं?"

"नाणं ना? घातलं की मी पावात. आई म्हणाल्या होत्या, फळीवर काढून ठेवलंय. पाण्यात धुऊनसुद्धा ठेवलं होतं." ती लाजून हसली. "पहिलीच चेस्नित्सा आहे माझी. फुगलीय ना नीट?"

स्वेतोझारने फळीकडे पाहिलं. मिठाच्या बरणीआड त्याच्या बायकोने, देसांकाने पावासाठी ठेवलेला, देशात राजा होता तेव्हाचा दिनार अजून तसाच पडून होता. चूक त्याची स्वतःची होती. घरोघरी पावासाठी नाणी धुतात त्याच रात्री त्याने आपलं नाणं स्वयंपाकघरात भिजत घातलं होतं. त्याने दिनार उचलून गुपचूप खिशात टाकला, सुनेला म्हणाला, "झकास फुगलीय, पोरी," आणि मनात बेत ठरवला. पाव मोडताना सम्राट आपल्याच तुकड्यात आणायचा, मुठीत दाबायचा आणि त्याच्या जागी दिनार दाखवायचा. पोरीच्या पहिल्या नाताळाला गालबोट नको.

इतक्यात पहिला पाहुणा आला. दरवर्षीप्रमाणे तो मिलुतिन होता, निवृत्त दंतवैद्य आणि नाणेमंडळाचा चिटणीस. आल्या आल्या त्याने शेगडीतली ओकची फांदी हलवून ठिणग्या उडवल्या, जितक्या ठिणग्या तितकी मेंढरं, तितकी मधमाश्यांची पोळी या घरात होवोत असा आशीर्वाद दिला (घरात एक मांजर होतं, तेही शेजाऱ्यांचं), गरम राकियाचा, फळांच्या दारूचा, घोट घेतला आणि स्वेतोझारच्या कानाशी लागला.

"आण तुझा हनुवटीवाला. आजच घेऊन जातो."

"तो पावात आहे."

मिलुतिनने टेबलावरच्या पावाकडे बराच वेळ पाहिलं. "किती वेळ भाजलाय?" त्याने दंतवैद्याच्या गांभीर्याने विचारलं.

स्वेतोझारने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि सुनेला कळता कामा नये असं बजावलं. मिलुतिन जुना मित्र. तो बाह्या सारून टेबलाशी उभा राहिला.

सगळ्यांनी मिळून चेस्नित्सा धरली, तीनदा फिरवली आणि मोडली. दोन्ही म्हाताऱ्यांनी अशी ओढ घेतली की जवळजवळ अर्धा पाव त्या दोघांच्याच हातात आला. देसांका म्हणाली की हे दोघं कालपासून नव्हे, युद्धापासून उपाशी असावेत. त्यांनी लक्ष दिलं नाही. दोघंही आपापला तुकडा कुस्करत बसले होते. नाणं नव्हतं. मुलगा ओग्न्येन दोन घासांत मोकळा झाला, त्याच्याकडेही नव्हतं. देसांकाकडे नव्हतं.

"नाणंच नाही?" देसांकाच्या कपाळावर आठी चढली. "चेस्नित्सेत नाणं नाही म्हणजे वर्ष कसं जायचं?"

"मी घातलं होतं, आई," तियाना म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गवतात पडलं असेल, असं म्हणत स्वेतोझार टेबलाखाली शिरला. नाताळच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर गवत चांगलं जाडजूड पसरलेलं होतं. पाठोपाठ मिलुतिन शिरला. दोघं रांगत रांगत एकमेकांवर आपटले, आणि मिलुतिनचा चष्मा हरवल्यामुळे मग दोन गोष्टी शोधाव्या लागल्या. चष्मा सापडला. वर आल्यावर स्वेतोझारची नजर मधल्या ताटलीवर गेली. तिथे वाटसरूसाठी राखलेला तुकडा होता.

"हात लावू नकोस," देसांका म्हणाली. "तो वाटसरूचा आहे."

"मिलुतिन वाटसरूच आहे."

"मिलुतिन चौथ्या घरात राहतो."

पण तोवर वाटसरूचा चुरा झाला होता. त्यातही काही नव्हतं. देसांकाने डोक्याला हात लावला. तियानाचे डोळे भरून आले, ती ओग्न्येनला हळूच म्हणत होती की मला काहीच धड जमत नाही. ते ऐकलं आणि स्वेतोझारच्या मनातून सम्राट, पेटी, कार्ड सगळं एकदम उतरलं. तो परत टेबलाखाली वाकला, खिशातला दिनार मुठीत घेतला आणि वर येऊन म्हणाला, "हे बघा. गवतातच होतं."

देसांकाने सुटकेचा श्वास सोडला. तियाना मात्र दिनाराकडे बघत राहिली.

"हे नव्हतं ते," ती म्हणाली. "त्याच्यावर बाबांचा चेहरा होता."

मिलुतिन खोकला.

"म्हणजे बाबांचाच नव्हे," ती गोंधळून म्हणाली, "पण असंच नाक, अशीच हनुवटी. मला वाटलं, घराण्यातले कुणी थोर पूर्वज असतील. म्हणून तर मी आनंदाने घातलं." मग तिने अपराध्यासारखा एप्रनच्या खिशात हात घातला. "माझा तुकडा राहिलाय. मी खाल्लाच नाही."

तिने तो मोडला. आत माक्सिमीन होता, किंचित खरपूस, हनुवटी शाबूत.

"का नाही खाल्लास गं?" देसांकाने विचारलं.

"सकाळचं पोटात काही ठरत नाही. दोन आठवडे झाले." तियाना ओग्न्येनकडे पाहत म्हणाली. "आज जेवताना सांगणार होतो आम्ही."

देसांकाने सुनेला मिठी मारली ती सोडेचना. ओग्न्येन रडतही होता आणि हसतही होता. ज्याला नाणं सापडतं त्याने ते वर्षभर पाकिटात जपायचं, बाहेर काढलं तर नशीबही बाहेर जातं, हे तियानाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने ते स्वच्छ पुसून पाकिटात ठेवलं आणि म्हणाली, "बाळाला हेच नाक मिळू दे. कुणाच्या घरचं ते लोकांना विचारावं लागणार नाही."

आईवर गेलेला देखणा ओग्न्येन जरा दुखावला. स्वेतोझारचा हात मात्र आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. आपलं तोंड कुणीतरी मागून घेतंय, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं. त्याने मनोमन देवाचे आभार मानले, मग शेगडीचे, मग कानातल्या त्या मळाचे. तो नसता तर यातलं काहीच घडलं नसतं.

मिलुतिनने त्याला बाजूला घेतलं. "कार्ड छापून झालंय. आता पेटीत काय ठेवू?"

"रिकामी ठेव," स्वेतोझार म्हणाला. "शेजारी मी उभा राहतो."

आणि दोन दिवसांनी तो खरोखरच उभा राहिला, नवा कोट घालून, पेटीला काटकोनात. तियानाने फोटो काढायला फोन वर केला तेव्हा त्याने आपणहून मान वळवली आणि हनुवटी आणखी थोडी पुढे काढली.