दिवाकररावांची वेलिस

नवरात्रापासून दिवाकररावांच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. गाडी घ्यायची हे ठरलं होतं, कंपनी ठरली होती, पांढरा रंगही ठरला होता. घोडं अडलं होतं ते एवढ्यावरच, की मेरिस घ्यायची की वेलिस. एकाच कंपनीच्या या दोन सेडान. इंजिन तेच, तोंड तेच, चाकं तीच, किंमतही उन्नीस-बीस. मग कंपनीनं दोन वेगळ्या गाड्या कशाला काढल्या, तर बहुधा दिवाकररावांसारख्यांची झोप उडवायला.

"बाबा, दोनों सेम हैं यार," कॉलेजात जाणारी त्यांची लेक श्रावणी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. रायपुरात वाढल्यामुळे तिला मराठी सगळं समजे, पण तोंडातून निघे ती हिंदीच.

"सेम काहून असतील?" दिवाकररावांनी हातातला घास ताटात ठेवला. "मेरिसचे मागचे दिवे आडवे, वेलिसचे उभे. वेलिसची डिक्की मोठी, मेरिसची मागची सीट उंच. अन् दाराचा आवाज? मेरिसचं दार 'ठक' वाजते, वेलिसचं 'ठप्प'. ठप्पमध्ये वजन आहे पोट्टे, वजन!"

विनोदिनीबाई भाजी वाढत होत्या. त्या ऐकत होत्या की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

वरवर पाहता प्रश्न गाडीचा होता, पण दिवाकररावांचं दुखणं वेगळंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरातला एकही निर्णय त्यांचा नव्हता. घर तात्यापारा मोहल्ल्यात घ्यायचं, फरशी पिवळी बसवायची, श्रावणीनं कॉमर्सला जायचं, हे सगळं त्यांना ऑफिसातून घरी आल्यावर कळलं होतं. त्यांची मिशीसुद्धा विनोदिनीबाईंनी कुणाच्या तरी लग्नाच्या आदल्या दिवशी काढायला लावली होती, आणि ती परत ठेवायची की नाही, हे अजून कळवलं नव्हतं. म्हणून या वेळी त्यांनी छाती काढून जाहीर केलं होतं, "गाडी मी ठरवीन. एक गोष्ट त ठरवू द्या मले या घरात!"

"ठरवा न. कोण नाही म्हणून राहिलं?" विनोदिनीबाई म्हणाल्या होत्या. "मेरिसमध्ये बसलं का साडी चुरगळत नाही, एवढंच सांगते. बाकी तुम्ही म्हणाल ते."

हे 'तुम्ही म्हणाल ते' ऐकून दिवाकररावांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

मग त्यांनी शोरूमच्या पायऱ्या झिजवल्या. आज मेरिस चालवून बघ, उद्या वेलिस, परवा परत मेरिस. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर वेलिस आवडायची आणि सदर बाजारातल्या दुचाक्यांच्या गर्दीत मेरिस बरी वाटायची. साडू सुशीलराव म्हणाले, "भाऊ, डोळे झाकून मेरिस घ्या." डोळे झाकून गाडी कशी घेतात, या विचारात आणखी एक आठवडा गेला. ऑफिसात कुणी तरी सांगितलं, की यातली कुठलीही एक घेतली की जन्मभर दुसरीच चांगली दिसते. त्या दिवशी दिवाकररावांना डबा गेला नाही. शोरूममधला भार्गव नावाचा विक्रेता तर त्यांना लांबून पाहिलं की पाणी प्यायला आत जाऊ लागला.

तिथेच त्यांना देवांगनजी भेटले. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना होता. तेही एकटेच वेलिसचं दार उघडत होते आणि लावत होते.

"सुना, भाई साहब? ठप्प!" देवांगनजी डोळे मिटून म्हणाले.

दिवाकररावांचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या रायपुरात आपल्याला समजून घेणारा एक माणूस होता तर! "मग वेलिसच घेणार न?" त्यांनी विचारलं.

"कहाँ, भैया! मन तो वेलिस पर है, लेकिन घरवाली ने मेरिस बोल दिया. अब बोल दिया तो बोल दिया."

बिचारा, असं दिवाकररावांच्या मनात आलं. बायकोपुढे काही चालत नाही अशा माणसाकडे इतक्या जवळून बघायचा त्यांना पहिलाच प्रसंग होता, कारण आरशात ते फारसे बघत नसत. त्या भरातच त्यांनी भार्गवला हाक मारली आणि वेलिस बुक करून टाकली. घरी सांगितलं तेव्हा विनोदिनीबाई फक्त "बरं" म्हणाल्या. दिवाकरराव त्या दिवशी शीळ घालत अंघोळीला गेले.

धनत्रयोदशीला शोरूममध्ये ही गर्दी. देवांगनजीही बायकोला घेऊन आले होते. हॉलमध्ये लाल चकचकीत कापडाखाली झाकलेल्या दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. "डावीकडची वेलिस आपली, उजवीकडची मेरिस देवांगनांची," दिवाकररावांनी घरच्यांना समजावलं. तेवढ्यात भार्गवनं त्यांना सह्यांसाठी आत नेलं.

"लवकर या. मुहूर्त टळून राहिला!" विनोदिनीबाई हातात आरतीचं ताट घेऊन मागून म्हणाल्या. आत जाता जाता दिवाकररावांनी वळून पाहिलं, तर त्या गाड्यांच्या मागे जाऊन कापडाचं टोक उचलून बघत होत्या. चाकाखाली लिंबू ठेवायचं असेल, असं त्यांना वाटलं.

ते परत आले तेव्हा नारळ फुटला होता. एका गाडीचं कापड काचेपर्यंत वर सारलं होतं आणि बॉनेटवर हळदीकुंकवाचं टपोरं स्वस्तिक निघालं होतं. ती गाडी उजवीकडची होती. दिवाकरराव धावत मागे गेले, वाकले आणि कापड वर केलं. दिवे आडवे.

"अवं, हे मेरिस आहे! आपली नाही हे!"

"अगं बाई!" विनोदिनीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "समोरून दोन्ही एकसारख्याच त दिसते."

भार्गव घाईघाईनं ओलं फडकं घेऊन आला. "कोई बात नहीं सर, दो मिनट में साफ..."

"हात नको लावू!" विनोदिनीबाईंच्या आवाजानं सगळा हॉल वळला. "धनतेरसच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसून राहिला? सवाशिणीच्या डोळ्यादेखत?"

भार्गवचं फडकं हवेतच राहिलं. दिवाकररावांनी आशेनं देवांगनजींच्या बायकोकडे पाहिलं, पण तिनं तर कानालाच हात लावले. "न दीदी, कुंकू तो नहीं पोंछना! लेकिन दूसर के पूजा करे गाडी मैं नइ लेवंव." दुसऱ्यानं पुजलेली गाडी तिला चालणार नव्हती. दोन्ही बायकांचं एकमत झालं आणि पुरुषांना कुणी विचारलंच नाही.

"पण मी वेलिस ठरवली होती," दिवाकरराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

मॅनेजर आला. कागद अजून आरटीओत गेले नव्हते, अदलाबदल सहज होण्यासारखी होती, आणि ती झाली. दिवाकररावांच्या हातात मेरिसची किल्ली पडली. देवांगनजींनी त्यांना घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाले, "भाई साहब, आपने तो मेरी जिंदगी बना दी!" मग ते वेलिसमध्ये बसले आणि दार ओढलं.

ठप्प.

इतक्या वर्षांत दिवाकररावांनी घेतलेला एकुलता एक निर्णय अखेर अमलात आला होता, फक्त देवांगनांच्या घरात. त्यांना तिथेच फरशीवर बसून रडावंसं वाटलं.

घरी जाताना सदर बाजारात गाड्या अडकल्या. दिवाकरराव स्टिअरिंग धरून बसले होते. मागच्या उंच सीटवर विनोदिनीबाई ऐसपैस टेकल्या होत्या आणि त्यांच्या साडीला एक चुणी नव्हती. पुढे एक पांढरी गाडी उभी होती.

"बाबा, आगेवाली भी मेरिस है ना?" श्रावणीनं विचारलं.

"नाही वं," विनोदिनीबाई सहज म्हणाल्या. "उभे दिवे दिसून नाही राहिले का? वेलिस आहे थे."

दिवाकररावांनी आरशात पाहिलं. उचललेलं कापडाचं टोक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी विचारलं, "तुले फरक माहीत होता?"

"माहीत काहून नसणार? नवरात्रापासून तुम्हीच त रोज सांगून राहिले. मी ऐकते न तुमचं सगळं."

बायको आपलं ऐकत नाही, ही एक तक्रार तेवढी दिवाकररावांची स्वतःची अशी उरली होती. आता तीही गेली. मागून हॉर्न वाजायला लागले.

"अन् ऐका," विनोदिनीबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "मिशी ठेवा आता परत. या गाडीत बरी दिसन."

"बरं," दिवाकरराव म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.