झोपलेलं जेवण

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी एक निळा तंबू उभा राहतो. आत सत्तरीचा एक माणूस कानटोपी घालून, मांडी ठोकून बसलेला असतो. समोर थर्मास, वजनकाटा, मोजायचं भांडं आणि चकचकीत पाकिटांचा ढीग. मी कपडे वाळत घालायला वर गेले की तंबूतून हाक येते, "बाई, जरा इकडं या. हा वाटाणा बघा. उठलाय का?"

हे आमचे शेजारी, गायधनी नाना. मी शाळेत शिकवते म्हणून मला ते 'बाई' म्हणतात आणि प्रत्येक बाबतीत माझ्याकडून गुण देऊन घेतात. वाटाणा उठणं ही भाषाही त्यांचीच. पाणी काढून घेतलेलं अन्न मेलेलं नसतं, नुसतं झोपलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. गरम पाणी ओतलं की ते उठतं. चांगल्या कंपनीचं लगेच उठतं. वाईट कंपनीचं कॉलेजातल्या पोरासारखं लोळत पडतं, आणि उठलं तरी अर्धं झोपेतच असतं.

"पण नाना, आपल्याकडे सांडगे आहेत, कुरडया आहेत. त्यात नवीन काय?" असं मी एकदा विचारलं. माझा पुढचा अर्धा तास त्यात गेला.

"उन्हात वाळवलेलं वेगळं, बाई. ते आक्रसतं. सुरकुत्या पडतात. पाणी घाला नाहीतर काय वाट्टेल ते करा, ते परत पहिल्यासारखं होत नाही. हे आधी गोठवतात. मग हवा काढलेल्या पेटीत ठेवतात. बर्फाची पाणी न होताच वाफ होते. जागच्या जागी! आकार तोच, रंग तोच, चव तीच. फक्त पाणी गेलेलं."

नानांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर झाली. त्यामुळे 'वाफ' हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेतात.

तंबूचं कारणही त्यांच्याकडे तयार होतं. ही पाकिटं डोंगरात फिरणाऱ्यांसाठी असतात, तेव्हा ती थंडीवाऱ्यातच तपासायला हवीत. डायनिंग टेबलावर बसून ती खाणं म्हणजे बादलीत बसून पोहायला शिकणं. सोसायटीच्या चेअरमननी हरकत घेतली, तेव्हा नानांनी शांतपणे विचारलं, "गच्चीवर पापड चालतात, तंबू का नाही?" चेअरमन स्वतः पापड घालणाऱ्या घरातले. विषय मिटला.

कुठलीही दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय नाना घास घेत नाहीत. एका कंपनीचा राजमा-भात, दुसऱ्या कंपनीचा राजमा-भात. एकदा उकळत्या पाण्यात, एकदा कोमट, एकदा गार. गार का, तर संकट आलं की गॅस असेलच असं नाही. "वेळ सांगून येत नाही, बाई. जेवण साठवून ठेवावं." हे त्यांचं पालुपद. त्यांच्या बेडरूममधलं कपाट या पाकिटांनी भरलेलं होतं. आमचे हे त्यांना एकदा म्हणाले, "नाना, गोदावरीला कितीही पूर येऊ द्या. आपण तिसऱ्या मजल्यावर. आपण काय बुडतो?"

"आपण नाही बुडत," नाना म्हणाले. "दूधवाला बुडतो. मग तुम्ही काय करता?"



हसायचो आम्ही, पण ते हसणं वरवरचं होतं. कारण नानांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यानंतर त्या घरात कुणी काही शिजवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. ओट्यावर फक्त पाणी तापवायची विजेची किटली. मी अनेकदा डबा पाठवून पाहिला. नाना तो घ्यायचे, धुऊन परत करायचे, आणि म्हणायचे, "छान होतं. पण सवय नको." मुलं नाहीत. भाऊबंद पळशाला, तेही दिवाळीला येऊन जाणारे. दुपारी शाळेतून आले की त्यांच्या दारातून किटलीचा खट् असा आवाज यायचा आणि मग पुन्हा शांतता. तो आवाज ऐकला की मला उगाच उदास वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीतल्या आम्ही काही घरांनी इगतपुरीकडे एका धरणाच्या काठावर तंबूत राहायला जायचं ठरवलं. नाना आपणहून म्हणाले, "मीही येतो. फिल्ड टेस्टिंग." पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन ते गाडीत चढले आणि कुणी हात लावेल या भीतीनं ती सॅक मांडीवर घेऊन बसले.

दुपारचं जेवण तिथला माणूस गावातून आणणार होता. त्याची गाडी वाटेत बंद पडली. पोरं रडकुंडीला आली, मोठी माणसं एकमेकांवर चिडू लागली. तेव्हा नाना उठले. दगडांची चूल मांडायला लावली, पातेल्यात पाणी ठेवलं, आणि सॅकमधून एकामागून एक पाकिटं काढली. पुलाव, डाळ-भात, उपमा, राजमा. "हे लवकर उठतं, आधी पोरांना. हा उपमा आळशी आहे, मोठ्यांना." सगळे पोटभर जेवले. चेअरमननी दोनदा पुलाव मागून घेतला. टाळ्या वाजल्या. नाना कानटोपीच्या आत लाजले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चेअरमनच्या सुनेनं, अजून काही आहे का बघू म्हणून, सॅकच्या तळातून एक साधं रुपेरी पाकीट काढलं. वर ना नाव, ना चित्र. "हे कशाचं आहे?" म्हणत तिनं कोपरा दातात धरला.

"ठेव ते!"

नानांचा असा आवाज आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता. त्यांनी धावत जाऊन तिच्या हातातून पाकीट हिसकावलं. ती पोर पांढरीफटक पडली. नानांनी कोपरा उलटसुलट करून पाहिला, फाटला नव्हता, मग पाकीट स्वेटरच्या आत घातलं आणि तंबूत जाऊन बसले. मागे कुजबुज सुरू झाली. एवढ्याशा पाकिटासाठी? म्हातारा चळलाय.

मी चहा घेऊन त्यांच्या तंबूत गेले. नाना गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"तिला सांगा, चुकलं माझं," ते म्हणाले.

"सांगते. पण आहे काय त्यात?"

त्यांनी स्वेटरवरून पाकीट चाचपलं. मग म्हणाले, "आमटी. हिच्या हातची."

मला आधी कळलंच नाही.

काकूंचा आजार शेवटाला आला, तेव्हा डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. नानांचा एक जुना सहकारी होता, त्याचा मुलगा अंबडच्या एका कारखान्यात कामाला. तिथं द्राक्षं, कांदा असं काहीबाही गोठवून वाळवतात. नाना त्याच्या मागे लागले. मालाच्या ट्रेमध्ये एक ट्रे माझा लाव. तो पोरगा तयार झाला, पण म्हणाला, "काका, तेल चालणार नाही. तेलाचं पुढं खवट होतं. बिनफोडणीची करा."

"हिला सांगितलं, तर ही हसायला लागली," नाना म्हणाले. "म्हणाली, 'मला वाळवून ठेवता येत नाही म्हणून आमटी वाळवताय होय?' मग स्टुलावर बसून केली. चिंचगुळाची. मोठं पातेलंभर. फोडणी नाही म्हणून कुरकुर करत होती. 'उद्या कुणी खाल्ली तर म्हणेल, हिला स्वयंपाक येत नव्हता. फोडणी तेवढी तुम्ही घाला हं.'"

"मग? कशी झाली होती?"

"मी कुठं चाखली? सगळी ट्रेत घातली. एक वाटीसुद्धा कमी व्हायला नको वाटलं. चार पाकिटं झाली. एक बरोबर ठेवतो. बाकीची कपाटात. सगळीच घरात एकटी कशी ठेवायची?"

"आणि हे सगळं गच्चीवरचं?"

"सराव, बाई. पाणी किती, किती गरम, किती वेळ झाकायचं. एकदा पाणी जास्त झालं की परत काढता येत नाही. हिची चार पाकिटं. त्यात चूक करून कशी चालेल?"

चहा गार झाला होता.

परत आल्यावर गच्चीवरचा तंबू काही रविवार दिसला नाही. मग एका संध्याकाळी नाना दारात उभे राहिले. हातात कोरी करकरीत लोखंडी पळी, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"फोडणी शिकवा," म्हणाले. "पाण्याचं मला जमतं. तेलाचं नाही."

मी आयुष्यात पुष्कळ मुलांना शिकवलं, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. तेल नेमकं किती डिग्रीला तापतं, मोहरी तडतडायला लागल्यावर थांबायचं की तडतड संपल्यावर, हिंग पडतो तो 'चिमूटभर' म्हणजे कुणाची चिमूट? पहिल्या दिवशी मोहरी जळाली. दुसऱ्या दिवशी जिरं काळं झालं. लसूण तर इतक्यांदा करपला की आमचे हे नाक दाबून म्हणाले, "नाना, हे बॉयलर नाही, गॅस बारीक होतो." तरी रोज संध्याकाळी नाना यायचे. साध्या वरणावर फोडणी घालायचे, वास घ्यायचे, मान हलवायचे आणि पळी घासून घरी जायचे. एके दिवशी फोडणी चरचरली, कढीपत्ता हिरवाच राहिला, आणि मी नुसती मान डोलावली. नाना म्हणाले, "उद्या दुपारी या. भात लावून आणा."

दुसऱ्या दिवशी मी कुकर घेऊन गेले. ओटा पुसलेला होता, काकूंची शेगडी पुन्हा वर आली होती. नानांनी कात्रीनं त्या चारातलं एक पाकीट कापलं. तपकिरी, हलका, खरबरीत चुरा पातेल्यात पडला. पाणी त्यांनी दोनदा मोजलं. ओतलं, झाकण ठेवलं आणि पातेल्यापाशी उभे राहिले. झाकण काढलं तेव्हा आत आमटी होती. खरीखुरी. डाळ उठली होती, चिंचेचा रंग उठला होता. नानांनी फोडणी केली आणि वरून ओतली. मग दोन ताटं वाढली, एक माझ्यापुढे सरकवलं.

त्यांनी पहिला घास घेतला. चावायचे थांबले. पुन्हा एक घास घेतला. मीही घेतला.

आमटीत मीठ नव्हतं. विसरून थोडं कमी पडावं तसंही नाही. मुळीच नव्हतं.

"नाना..."

"चव गेली होती तिची," ते हळू आवाजात म्हणाले. "औषधांनी. म्हणजे त्या दिवशी तिला कळलंच नाही. चाखून बघत होती सारखी, मी बघत होतो. मान हलवत होती. मला वाटलं, झकास जमलीय." ते ताटाकडे बघत राहिले. "चव गेल्याचं मला बोललीसुद्धा नाही."

मी उठून मिठाची बरणी आणली. नानांनी ती घेतली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"तुम्ही घ्या, बाई. मला राहू द्या."

मी नाही घेतलं. आम्ही दोघं तशीच जेवलो, शेवटपर्यंत. नानांनी पातेलं तिरपं करून उरलेली आमटी पळीनं निपटली आणि भातावर वाढून घेतली.