बेचाळीस पानं आणि एक शून्य

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आमच्या घरातल्या शेवटच्या साध्या मंगळवारी, मी भलतीच खुशीत होते. शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला होणाऱ्या नव्या फॅक्टरीसाठी मी बेचाळीस पानी स्पेसिफिकेशन लिहिलं होतं. प्रत्येक ठेकेदारानं आपापल्या कामाचं कॉम्प्युटर मॉडेल कसं द्यायचं, कुठला पाइप किती बारकाईनं दाखवायचा, सगळं! ही मॉडेल्स एकत्र बसवली, की कुठला पाइप कुठल्या तुळईत घुसतोय ते बांधण्याआधीच कळतं.

"यात चूक काढून दाखवा!" नाश्त्याला मी बाबांना म्हटलं.

बाबा रेल्वेतले निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यांनी इडली बाजूला सारली आणि चष्मा चढवला.

"शून्य कुठे धरायचं ते लिहिलंयस? मापं कुठून मोजायची?"

"बाबा, कॉम्प्युटर घेतो बघून."

"परवा निधीनंही हेच विचारलं. हुशार पोर!"

झालं! निधी म्हणजे खालच्या मजल्यावरची भाडेकरू, आमच्याच फॅक्टरीच्या प्लंबिंग ठेकेदाराकडे मॉडेल्स बनवणारी आणि रोज संध्याकाळी बाबांच्या हातची कॉफी पिणारी. मला चाळीस वर्षांत 'बरं केलंस'च्या पुढे काही मिळालेलं नाही!

"मग तिलाच दत्तक घ्या!" म्हणून मी तरातरा मैलापूरच्या ऑफिसात गेले.

मीटिंगमध्ये पडद्यावर मॉडेल्स उघडली. तुळया आल्या. एसीचे डक्ट आले. प्लंबिंग गायब! चित्र लहान, आणखी लहान करत गेलो, तर मुंगीएवढे संडास तीस किलोमीटरवर!

"मॅडम," मालकांचे इंजिनिअर कृष्णस्वामी म्हणाले, "कामगारांनी बसनं जायचं की ट्रेननं?"

सगळे खिदळले. मी मात्र आनंदानं निधीवर झडप घातली. "कुठलं शून्य धरलंस गं?"

"प्लॉटवरच्या सर्व्हेच्या दगडाचं, ताई. स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं, म्हणून काकांना विचारलं."

कृष्णस्वामींनी पडद्यावरच मॉडेल्सच्या खाली नकाशा अंथरला. संडास गुम्मिडिपूंडीच्या प्लॉटवर, अगदी जिथल्या तिथे! बाकी दोन ठेकेदारांनी एकमेकांचं बघून भलतंच शून्य धरलेलं. आमची अख्खी फॅक्टरी एन्नोरच्या समुद्रात, कोळ्यांच्या जाळ्यांत!

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कशी झाली मीटिंग?"

"डोकं दुखतंय," म्हणून मी दार लावून घेतलं.

सकाळी ते उठलेच नाहीत.

निधी माझ्याआधी रडली. त्याचाही मला राग आला! तेराव्याला ती आली, तर मी तिला ताट वाढायचंही टाळत होते.

"काकांच्या तोंडी रोज तुमचंच पुराण असायचं, ताई," ती म्हणाली. "ऋजुतानं हे केलं, ऋजुता ते वाचते. कॉफी मिळायची म्हणून ऐकून घ्यायचे. पण खरं सांगू? तुमचा राग यायचा मला!"

"माझा? अगं, मला तुझा यायचा!"

पंगतीतले पाहुणे जेवायचे थांबले. शहाण्यासुरत्या बाईनं अशा वेळी गप्प बसावं. मी फोटोकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुम्ही मला एकटीलाच हवे होतात!"