दाबली की फुगणारी गादी

हाताने गणित सोडवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी परवा भर ऑफिसात जाहीर केलं. ऑफिस सुनेचं. घरी मी सासरा, तिथे तिच्या हाताखाली!

व्हीलचेअरच्या रबरी गादीचं काम आलं होतं. कॉम्प्युटरवर गादीचे बारीक तुकडे पाडायचे, दाबल्यावर प्रत्येक तुकड्यातला ताण किती वाढतो त्याची सूत्रं काढायची आणि ती प्रोग्राममध्ये भरायची. सूनबाईंनी यासाठी एक सॉफ्टवेअर बनवलंय. रबराचं एका ओळीचं मूळ सूत्र द्या. त्याचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ताणाची सूत्रं, तेच काढतं, प्रोग्रामही तेच लिहितं.

"बाबा, त्यालाच देऊ या ना," ती म्हणाली.

"छे! जेवणाच्या सुट्टीपर्यंत हाताने काढून देतो!"

पूर्वी माझी गणितं बायको तपासायची. ती गणिताची शिक्षिका. लाल पेन्सिल घेऊन पाठीमागे उभी राहायची आणि विचारायची, "अहो, उणं बघितलंत का?" ती गेल्यावरही मला जमतं का, एवढंच मला बघायचं होतं.

पानंच्या पानं भरली. टाइप केलं. तेवढ्यात गादीचे कारखानदार हजर! मी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावरच्या गादीवर माणसाचं वजन पडलं आणि गादी रुसलेल्या पोराच्या गालासारखी टम्म फुगली!

सूनबाईंनी डोळे मिटले. कारखानदार मात्र खुर्चीतून उठलेच.

"कमाल आहे! बसलं की वर उचलते?"

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर..."

"माणूस जितका जाड, तितका उंच?"

"पडद्यावर तरी," मी पुटपुटलो.

त्यांनी भागीदाराला फोनच लावला. "अरे, शोध लागलाय शोध! जाहिरात छापायला टाक!"

"थांबा हो!" मी ओरडलो. "शोध कसला, माझं उण्याचं चिन्ह राहिलंय!"

सूनबाईंनी मुकाट्याने मूळ सूत्र सॉफ्टवेअरला दिलं. मी चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत सगळं तयार! गादी अलगद दबली, दमलेल्या माणसाला हवी तशी. माझी चूक पहिल्याच ओळीत होती. पुढची सगळी पानं त्या चुकीशी इमानदार. कारखानदार जरा हिरमुसले, पण काम देऊन गेले.

घरी जाताना मी सुनेला म्हणालो, "तुझं यंत्र थोर आहे गं. कंटाळत नाही, विसरत नाही. फक्त पाठीमागे उभं राहून विचारत नाही."

मला दारात सोडून ती परत ऑफिसात गेली.

दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे दुसऱ्या गादीचं सूत्र यंत्राला दिलं. बटण दाबणार, तोच पडद्यावर लाल अक्षरं उमटली: "अहो, उणं बघितलंत का?"

सूनबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हो गं, बघितलं!" मी सवयीने मोठ्यांदा म्हणालो. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

बघितलं कुठे होतं! यंत्राने माझ्या चुकीच्या सूत्राचं डेरिव्हेटिव्ह अगदी बिनचूक काढलं, आणि गादी पुन्हा टम्म फुगली.