ठमीचं सातवं घर

एका जंगलात, मुलांनो, एक कासव राहत होतं आणि त्या कासवावर एक मांजर राहत होती.

हसू नका, नीट बसा. कासवाचं नाव दाजिबा, मांजरीचं नाव ठमी.

ठमी तिथे कशी आली, ते आधी सांगतो. मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल. ठमीच्या आईनेही फिरवली. पहिलं घर फणसाच्या ढोलीत, दुसरं वारुळामागे, तिसरं पडक्या मचाणाखाली. चौथ्या घराकडे जाताना ती बिचारी दमली. तिने ठमीला एका गुळगुळीत दगडावर ठेवलं आणि ती बाकीची पिल्लं आणायला गेली. तेवढ्यात दगड उठून चालायला लागला.

तो दगड म्हणजे दाजिबा. स्वतःच्या पाठीवर काय चाललंय ते कासवाला दिसत नाही. संध्याकाळी घरी पोचल्यावर पाठीवरून म्याव आलं, तेव्हा त्याला कळलं. तो तसाच उलट पावली निघाला. पण कासवाच्या उलट पावली जाण्यात रात्र गेली आणि सकाळही गेली. तोवर आई कुठल्या कुठे निघून गेली होती.

"आता गं काय करायचं?" दाजिबाने विचारलं.

ठमी झोपली होती. दिवसभर उन्हात तापलेली पाठ तिला फार आवडली होती. असे तीन उन्हाळे गेले.

चौथ्या उन्हाळ्यात दाजिबाचा डोह आटू लागला. डोहाच्या मधोमध एक काळा खडक होता, तो कधी कोणाला दिसला नव्हता. आता त्याचं टाळकं वर आलं. पाण्यावाचून दाजिबाचं चालण्यासारखं नव्हतं. टेकडीपलीकडे मोठं तळं होतं, तिथे जागाही होती. पण तळं म्हटलं की तळ्याचं मंडळ आलं, मंडळ म्हटलं की सेक्रेटरी आला. सेक्रेटरी होता बगळा. त्याने नियम लिहून पाठवले. त्यातला नववा असा: सभासद माशांच्या सुरक्षेसाठी कोणीही आपल्या घरात मांजर ठेवू नये.

माशांच्या सुरक्षेची काळजी बगळ्याला कशी, असं विचारू नका. मोठे झालात की आपोआप कळेल.

झालं. ठमीसाठी दुसरं चांगलं घर शोधणं आलं. ज्याचं स्वतःचं घर जन्मापासून पाठीला चिकटलेलं, त्याला घर कसं शोधतात ते काय ठाऊक? दाजिबा सदू कावळ्याकडे गेला. जंगलातल्या सगळ्या जाहिराती सदूच ओरडायचा.

"मांजर फुकट देणे आहे, असं ओरड," दाजिबा म्हणाला.

"वेडा आहेस का? फुकट म्हटलं की लांडगा पहिला येतो. माझ्यावर सोपव. शेकडो जाहिराती केल्यात मी."

केल्या होत्या खऱ्या, पण सगळ्या लग्नाच्या. सदू उंच फांदीवर बसला आणि ओरडला, "सुस्वरूप, निर्व्यसनी, गृहकृत्यदक्ष मांजरीसाठी अनुरूप स्थळ पाहिजे."

"स्थळ म्हणजे घरच ना रे?" दाजिबाने खालून विचारलं.

"म्हणजे काय. स्थळ म्हणजे जागा."

दुसऱ्या दिवशी तीन बोके आले. एकटे नाही, आया आणि मावश्यांसकट आले. पत्रिकाही आणल्या होत्या.

"मुलगी जरा चालून दाखवेल का?" पहिल्या बोक्याच्या आईने विचारलं.

ठमीने एक डोळा उघडला, लांबलचक आळस दिला आणि कूस बदलली.

"वळण दिसत नाही," मावशी म्हणाली. "उंदीर वगैरे येतात का करायला?"

"करत नाही. कच्चेच खाते," दाजिबा म्हणाला. "तुमचा मुलगा रात्री कुठे असतो?"

बोक्याची आई ताडकन उठली. "बोक्यांना असलं विचारत नाहीत," ती म्हणाली. मग तिन्ही स्थळं आल्या वाटेने परत गेली. जाताना एकमेकांच्या पत्रिका मात्र बघून गेली.

सदूने जाहिरात बदलली. 'मांजर चांगल्या घरी देणे आहे' असं स्वच्छ ओरडला. लगेच कोल्हा आला. अंगावर पांढरं उपरणं, बोलणं अगदी गोड.

"आमच्या घरात मांजराची फार आवड," कोल्हा म्हणाला. "आजवर सहा मांजरी नांदल्या."

"आता कुठे आहेत त्या?"

"सगळ्या देवाघरी. एकीचीही तक्रार आली नाही."

दाजिबाने हात जोडले. त्या दिवसापासून तो येईल त्याला प्रश्न विचारू लागला. आधी पाच प्रश्न होते, मग अकरा झाले, मग सतरा. माकडाला ठमी हवी होती, पण पाण्यातल्या प्रतिबिंबात दोघं छान दिसतील म्हणून. हत्तीण मनाने सोन्यासारखी होती. "मी तिला इतकं जपेन, इतकं जपेन," असं म्हणत ती सहज खाली बसली. तिच्याखाली आधी एक झुडूप होतं. दाजिबाने ते झुडूप नंतर नीट पाहिलं आणि नकार कळवला.

इकडे डोहातला खडक गळ्यापर्यंत उघडा पडला होता.

आणि मग आली गोदाक्का ससीण. म्हातारी होती, एकटी होती, बिळाला दोन दारं होती. दाजिबाने सतरा प्रश्न विचारले. तिने सतराही उत्तरं बरोबर दिली. मग त्याने ठेवणीतला अठरावा काढला.

"ही दार उघडायला सांगेल. तुम्ही उघडाल. मग ही उंबऱ्यावर बसून राहील, आत नाही अन् बाहेर नाही. तुम्ही किती वेळ दार धरून उभ्या राहाल?"

"तिचं ठरेपर्यंत," गोदाक्का म्हणाली.

दाजिबाला खोट काढायला जागाच राहिली नाही. मुलांनो, इतकं चांगलं घर मिळाल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला तो मुळीच झाला नाही. त्या रात्री तो जेवला नाही.

मांजर सोडायला नेताना पोत्यात घालून न्यावं, म्हणजे तिला परतीची वाट कळत नाही, असं सगळे सांगतात. दाजिबाने ठमीला पोत्यात घातलं आणि पोतं पाठीवर घेतलं. गोदाक्काचं बीळ हाकेच्या अंतरावर होतं. तिथे पोचायला त्याला सकाळची संध्याकाळ झाली. त्याने ठमीला तिच्या हवाली केलं, मान आत घेतली आणि परत निघाला. घरी पोचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

ठमी डोहाच्या काठावर बसून पंजा चाटत होती. ती आदल्या रात्रीच घरी पोचली होती. गोदाक्काची पाठ फार मऊ होती आणि मऊ पाठीवर झोपायची ठमीला सवय नव्हती.

सदू कावळा फांदीवरून बघत होता. त्याने नखांवर मोजलं. "तीन घरं आईची. चौथं तुझं. पाचवं गोदाक्काचं. सहावं पुन्हा तुझंच. एक राहिलं, दाजिबा."

दाजिबाने ठमीला चढता यावं म्हणून पाठ खाली टेकवली.

"एक सांगू? तुला ही द्यायचीच नाहीये."

दाजिबाने मान पार आत ओढून घेतली. मग आतून आवाज आला. "नाही द्यायची. पण इथे राहिलो तर मी वाळून मरेन. मग तिला कोण बघेल?"

सदू फांदीवरून उतरून त्याच्या शेजारी येऊन बसला. कावळा ओरडायची फांदी सोडून खाली येतो, तेव्हा गोष्ट गंभीर आहे असं समजावं.

चार दिवसांनी खडक पायापर्यंत उघडा झाला. डोहात चिखल तेवढा उरला. "तू हो पुढे. मी तिला गोदाक्काकडे पोचवतो," असं सदूने वचन दिलं. निघायच्या वेळी दाजिबाने ठमीला खूप हाका मारल्या. ती कुठे दिसली नाही. रागावली असेल, असं त्याला वाटलं. मांजरं निरोप घेत नसतात, असं त्याने स्वतःला समजावलं आणि तो टेकडी चढू लागला.

पाठ जड वाटत होती. दुःखाने पाठ जड होते असं त्याने ऐकलं होतं. आपलं दुःख बरंच मोठं आहे, हे त्याला दर पावलाला कळत होतं. मध्येच ते दुःख हलायचं, कूस बदलल्यासारखं. दाजिबाने तेही सोसलं.

सदू सगळ्या जंगलात ठमीला शोधून दमला आणि शेवटी टेकडीवर उडत आला. त्याने वरून खाली पाहिलं. ओरडायला चोच उघडली. मग जन्मात पहिल्यांदाच त्याने ती न ओरडता मिटली आणि तो घरी गेला.

पाचव्या दिवशी दाजिबा तळ्यावर पोचला. तहानेने त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पाणी चार पावलांवर होतं. वाटेत बगळा एका पायावर उभा होता.

"नियम वाचलेत ना?" बगळा म्हणाला. "मग हे वर काय आहे?"

"दुःख आहे," दाजिबा म्हणाला.

"त्याला शेपूट आहे."

दाजिबा थांबला. पाठीवरून ओळखीचं म्याव आलं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाच दिवसांत त्याला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, तरी ते कुठून आलं कोण जाणे.

"नियम नववा," बगळा म्हणाला. "घरात मांजर ठेवू नये. परत फिरा."

परत फिरणं म्हणजे मरणं. दाजिबाने सगळं आयुष्य सावकाश घालवलं होतं. पण त्या क्षणी तो भराभर बोलला.

"घरात कुठे आहे? घरात मी आहे, बघा वाकून. दुसऱ्या कोणाला जागा तरी आहे का? ती गच्चीवर आहे."

बगळ्याने नियम उलटसुलट वाचला. त्यात गच्ची नव्हती.

"गच्ची सामायिक असते," तो शेवटी म्हणाला. "ती एकट्याला वापरता येत नाही. सगळ्या सभासदांचा तिच्यावर हक्क असतो."

"मग या की वर," दाजिबा म्हणाला. "ठमीच्या शेजारी जागा आहे."

बगळ्याने ठमीकडे पाहिलं. ठमीने बगळ्याकडे पाहिलं. एवढा मोठा पक्षी तिने इतक्या जवळून कधीच पाहिला नव्हता. तिने हळूच जीभ फिरवली.

बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला. हा विषय वार्षिक सभेत घेऊ, असं म्हणून तो पलीकडच्या काठावर उडून गेला. ती सभा अजून व्हायची आहे. दाजिबा पाण्यात शिरला, पण पाठ कोरडी राहील इतकाच. ठमीला पाणी आवडत नाही, त्यामुळे मासे दोघांभोवती बिनधास्त खेळू लागले. बगळा तिकडे फिरकत नाही म्हटल्यावर दुसऱ्या काठावरचे मासेही तिथेच राहायला आले.

गोदाक्का अजून कधी कधी दार उघडून उभी राहते. तिला कोणी काही कळवलंच नाही.

तात्पर्य: मांजर द्यायची वेळ आली तर समोरच्या घराची कसून चौकशी करावी, अवघडात अवघड प्रश्न विचारावेत, आणि सगळी उत्तरं बरोबर देणारं कोणी भेटलंच, तर पोत्याचं तोंड जरा सैल बांधावं.