साहेबाच्या वड्यांचं तेल

"हिच्या त्या करडईच्या तेलाचा वास साहेबाला चालायचा न्हाई हो!"

ओट्यावर बसून आमचे हे आपल्या दोस्ताच्या, दत्तोबांच्या कानात कुजबुजत होते. मधे नुसता पत्र्याचा आडोसा, आणि पलीकडे मी! बावीस वर्षं त्याच तेलातले वडे बोटं चाटत खाल्ले आणि आता वास!

प्रकरण असं. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला, त्यात हे फिटर. फोरमनची जागा एक, टपलेले तिघं. मशिनं बसवायला आलेला इटलीचा साहेब ज्याचं नाव सुचवील त्याला ती मिळणार. आणि तो साहेब रविवारी आमच्याकडे कासारवाडीला चहाला येणार!

"लग्नाच्या पंगतीला चारशे वडे तळलेत मी!" मी आडोशाआडून ठणकावलं. "एका साहेबाची काय कथा?"

"वड्यांचं नाही वहिनी, तेलाचं बघा," दत्तोबा म्हणाले. "त्यांच्याकडे ऑलिव्ह तेलात तळतात, नाहीतर लोण्यात." दत्तोबा स्वतः लोणावळ्यापलीकडे कधी गेले नव्हते!

ह्यांनी चिंचवडच्या औषधाच्या दुकानातून ऑलिव्ह तेल आणलं. दुकान शेजारच्या छबूबाईंच्या भावाचं. बाटली वीतभरसुद्धा नाही, वर गुटगुटीत बाळाचं चित्र.

"ह्यात वडे तळू की वड्यांना टिळा लावू?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून नवलच! हंडा उचलायला वाकले, तर छबूबाईंनी तो हिसकावून घेतला. वर वाटीभर चिंच आणून दिली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बावीस वर्षांत मला कधी 'बस' म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बस गं, भाकऱ्या मी थापती." मला वाटलं, फोरमनच्या बायकोचा मान आतापासूनच सुरू झाला! ऐटीत बसले. चिंचही खाल्ली.

रविवारी आधी लोण्याची कढई चढवली. लोणी तडतडलं, फेसाळलं, उतू गेलं आणि शेवटी बुटासारखं काळं झालं! वडे कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखे. घरभर धूर. छबूबाई धावत आल्या आणि मला ओढायला लागल्या.

"धुरात बसू नका! असल्या वेळेला..."

"कसल्या वेळेला?"

त्यांनी जीभ चावली. मी ऑलिव्हच्या बाटलीकडे हात नेला, तर आत्याबाईंनी ती झडप घालून कमरेला खोचली. "ह्यातला थेंब चुलीवर जायाचा न्हाई!"

तेवढ्यात दारात साहेब! चडफडत कढई घासली, करडईचं तेल ओतलं आणि तळायला बसले.

साहेबानं अकरा वडे खाल्ले. मोजून अकरा!

"बहुत अच्छा! कौन सा तेल?"

हे जमिनीकडे बघायला लागले, दत्तोबा आढ्याकडे. मग साहेबाची नजर आत्याबाईंच्या कमरेकडे गेली. देशाकडचा माणूस भेटल्यासारखा तो ओरडला, "ओहो! ये?"

"हां हां, येही!" हे म्हणाले.

असा संताप आला म्हणता! माझ्या तेलाचं श्रेय त्या टीचभर बाटलीला? मी तोंड उघडणार, तोच आत्याबाई कडाडल्या, "खोटं का बोलतूस रं? पोटाला लावायचं त्याल हाय ते! सुनेला दिवस गेल्यात माझ्या!"

माझ्या हातातला झारा पडला.

"मला? अहो, थोरल्याला मिशा फुटल्यात माझ्या! वडे तळायला आणलंय ते!"

आत्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मधेच थांबल्या.

"मग ह्ये पोट कशाचं?"

मी छबूबाईंकडे बघितलं, त्या चुलीकडे बघत होत्या. ह्यांच्याकडे बघितलं. फोरमनकी आता बुडाली असं तोंड करून उठले आणि स्वतःच्या ढेरीवर हात ठेवला.

"करडईच्या तेलाचं. तिचं बी, माझं बी. साहेब, वडे बी त्यातलेच."

दत्तोबांनी घाबरत घाबरत ते साहेबाला हिंदीत सांगितलं. साहेब गदगदून हसला. त्यानं बशी पुढं केली.

"फोरमन, और चार!"

मी तळत राहिले. फक्त पदर जरा पसरून घेतला, पोटावरून.