किशनमामा चाल बघतात

किशनमामा कुठलीही वस्तू घेण्याआधी तिची चाल बघतात. वस्तू चालणारी असलीच पाहिजे असं नाही. फ्रिज घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दुकानदाराला तो फरशीवरून चार हात पुढे ढकलायला लावला, स्वतः मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मागून बरा दिसायलाय." मग त्याच्या पाठीवर थाप मारली, दार उघडून आत वाकून बघितलं आणि शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, "बोली काय?"

बोली म्हणजे बैलबाजारातली तोंडी हमी. विकणारा चार माणसांत सांगतो की बैल मारका नाही, औताला जुंपल्यावर खाली बसत नाही, तीन दिवस कामाला लावून बघा, नाही चालला तर परत आणा. दुकानदाराने वॉरंटीचं कार्ड पुढे केलं. मामांनी ते खिशात घातलं आणि म्हणाले, "कागद राहू द्या, तोंडानं सांगा." त्याने बिचाऱ्याने गिऱ्हाइकांसमोर उभं राहून, फ्रिज आजारी नाही, बर्फ धरतो, रात्री ओरडत नाही, असं सांगितलं. तेव्हा कुठे फ्रिज आमच्या गल्लीत आला.

मामा परभणीत आमच्या शेजारी राहतात. मूळचे पेडगावचे. एके काळी बैल पारखावा तर त्यांनीच. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना घरून घेऊन जायचे, चहा पाजायचे आणि ते मान हलवीपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे. आता गावात ट्रॅक्टर झाले, शेत पुतण्या करतो आणि मामींच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी दोघं शहरात आले ते इथेच राहिले. पारखी नजर मात्र रिकामी बसत नाही. ती फ्रिजवर पडते, गादीवर पडते, कधी आमच्यावरही पडते. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मामांनी मुलाला अंगणाच्या टोकाला असलेल्या रांजणातून पाणी आणायला सांगितलं होतं. तहान नव्हती, पाठमोरी चाल बघायची होती. त्यानंतर मुलाच्या वडिलांना "बोली काय?" विचारलं, हे मामी आजही पदर तोंडाला लावून सांगतात. ते जावई नांदेडला असतात आणि सासऱ्यांसमोर अजून जपून चालतात.

मी शाळेत गणित शिकवते. मला वस्तू घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि पुढे पाच वर्षं मी पस्तावते. त्यामुळे मामांच्या या पद्धतीचा मला मनापासून राग येतो.

मथुरामामींची अडचण एकच, त्यांना गाडी लागते. थोडीथोडकी नाही. बस, जीप, रिक्षा, काहीही असो, पेट्रोल-डिझेलचा वास आला की त्यांच्या पोटात ढवळायला लागतं. बैलगाडीत मात्र त्यांना कधी त्रास झाला नाही. पेडगावाहून बोरीला, थोरल्या बहिणीकडे, त्या दिवसभराचा प्रवास करून बैलगाडीनेच जायच्या. मामांनी शेवटची जोडी विकली त्याला नऊ वर्षं झाली आणि मामी बोरीला गेल्या नाहीत त्यालाही नऊच. आक्का आता अंथरुणावर आहेत. दोघी रोज फोनवर बोलायच्या, पण हल्ली आक्कांना ऐकू कमी येतं. "कोण बोलायलंय?" असं त्या दोनदोनदा विचारतात. मग मामी फोन ठेवून देतात. मामा त्या वेळी उगीचच अंगणात जाऊन उभे राहतात.

अशात एक दिवस आमच्या गल्लीत कुणाकडे तरी इलेक्ट्रिक गाडी आली. ती निघाली तेव्हा मामा तिच्या मागे वाकून, नाक पुढे करून, कोपऱ्यापर्यंत चालत गेले. परत येऊन मला म्हणाले, "बाई, हिला धूर न्हाई, वास न्हाई. ही बैलाच्या जातीची हाय." मामींनी आतूनच सांगून टाकलं की त्या बसणार नाहीत. मामा म्हणाले, तू बसू नको, मी नुसती चाल बघून येतो. मामांनाही गाडी येते, पण चाल बघायची तर हात मोकळे हवेत; मग मला गाडी चालवता येते एवढ्या गुन्ह्यासाठी रविवारी मला सोबत नेण्यात आलं.

शोरूममध्ये पल्लवी नावाची हसरी मुलगी होती. तिने मामांना टेस्ट ड्राइव्हसाठी स्टिअरिंगवर बसायला सांगितलं. मामा म्हणाले, "मी कामून बसू? माय, तू हाक. मी मागून बघतो." मग तिने शोरूमसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी दहा वेळा नेली-आणली आणि मामा मागे उन्हात डोळे बारीक करून उभे. दहाव्या फेरीनंतर त्यांनी मान हलवली. पल्लवीला काही कळलं नाही, पण मला कळलं की अर्धं काम झालं.

तेवढ्यात मॅनेजर बाहेर आले. मामांनी खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढली, स्वतःच्या हातावर पसरली आणि हात त्यांच्यापुढे धरला. बैलबाजारात भाव बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही, आणि सौदा पटला की पंजात पंजा घट्ट धरायचा. मॅनेजरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं हाताला लागलंय. त्यांनी काळजीने दस्ती उचलून बघितली आणि पाणी मागवलं. मामांनी दस्ती पुन्हा खांद्यावर टाकली. परत येताना मला म्हणाले, "माणूस चांगला हाय. पण बाजार केलेला न्हाई."

खरी परीक्षा पुढच्या रविवारी. मामा घरून पितळी तांब्या घेऊन निघाले. शोरूममध्ये तो काठोकाठ भरला आणि मांडीवर घेऊन मागच्या सीटवर, मामी बसल्या असत्या त्या बाजूला, बसले. पल्लवी पुढे बसली, गाडी मी घेतली. खड्डे आले, गतिरोधक आले, पाणी हललं पण सांडलं नाही. मी खुश. आणि एका वळणावर मी पाय उचलला मात्र, गाडी आपोआप ओढल्यासारखी मंदावली आणि अर्धा तांब्या मामांच्या धोतरावर.

पल्लवीने घाईघाईने समजावलं की हा बिघाड नाही, सोयच आहे. पाय उचलला की गाडी स्वतःच वेग कमी करते आणि त्यातून बॅटरी थोडी थोडी भरत राहते.

"म्हंजी चालता चालता खायाची खोड हाय," मामा ओलं धोतर झटकत म्हणाले.

पल्लवी विचार करून म्हणाली की हो, तसंच.

"मग मुसकं घाल तिला."

मुसकं म्हणजे पिकात तोंड घालू नये म्हणून बैलाच्या तोंडाला बांधतात ती जाळी. आश्चर्य म्हणजे गाडीला मुसकं होतं. पल्लवीने समोरच्या पडद्यावर दोन ठिकाणी बोट लावलं आणि गाडीचं ते ओढणं बंद झालं. उरलेला अर्धा तांब्या आम्ही थेंब न सांडता शोरूमला परत आणला. मुसकं घातलं तरी बोरीला जाऊन यायला चार्ज पुरेल का, हे मामांनी तिला तीन वेळा विचारलं आणि तिसऱ्या वेळी तोंडी बोली घेतली.

आता मामींना बसवायचं होतं. पण मामा म्हणाले, आधी विमा. पल्लवीने सांगितलं की टेस्ट ड्राइव्हच्या गाडीचा विमा शोरूमचा असतो, तुमचा विमा तुम्ही गाडी घ्याल तेव्हा. मामांनी शोरूमचा कागद बघितला, माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मग विम्याच्या टेबलावर जाऊन आपल्या गाडीची चौकशी सुरू केली, जी गाडी अजून आपली नव्हती. तिथल्या गृहस्थांना त्यांनी विचारलं की वानराने आरसा मोडला तर? उंदराने वायर कुरतडली तर? ओढ्याच्या पाण्यात बॅटरी भिजली तर? ते गृहस्थ मूळचे शांत होते. काय आपोआप मिळतं आणि कशासाठी जादा भरून वेगळं घ्यावं लागतं, हे ते एकेक करून सांगत होते. मग मामांनी आवाज खाली आणून विचारलं, "अन् आतल्या माणसाला वकारी होऊन गादी खराब झाली तर?"

गृहस्थांनी चष्मा काढला. तो विषय कुठल्याच पॉलिसीत नव्हता.

शेवटी माणसांची गोष्ट निघाली. त्यांनी सांगितलं की चालवणाऱ्या मालकाचा अपघात विमा असतोच, शेजारी-मागे बसणाऱ्यांचा हवा असेल तर वेगळा घ्यावा लागतो, बरेच लोक घेत नाहीत. इतका वेळ हसतखेळत बोलणारे मामा एकदम गंभीर झाले.

"माझा असतोच अन् तिचा इचारावा लागतो? हे उलटं झालं. गाडी तिच्यासाठी घ्यायलोय. पयले तिचा लिवा."

गृहस्थांनी खरोखरच कोऱ्या कागदाच्या सगळ्यात वर मामींचं नाव लिहिलं. माझा त्या दिवशीचा राग तिथेच कुठेतरी उतरला.

मामी कशा तयार झाल्या ते मला माहीत नाही. पल्लवीने मॅनेजरांकडून एका सकाळची परवानगी काढली आणि आम्ही बोरीला निघालो. निघालो म्हणजे तासभर उशिरा. गाडीचं चार्जिंग नुकतंच संपलं होतं आणि मामांचं म्हणणं असं की भरल्या पोटी लगेच जुंपायचं नसतं. आम्ही तिघी बायका त्या तृप्त गाडीला विश्रांती देत सावलीत बसलो. मी घड्याळ बघत होते. मामी लिंबू हुंगत होत्या आणि त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चळत होती.

मग त्या बसल्या. डोळे मिटले, पदराने नाक-तोंड घट्ट झाकलं. मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. आरशात बघितलं तर मागे दोघांच्या मधोमध दस्ती पसरलेली आणि दोघांचेही हात तिच्याखाली. मला वाटलं, नवरा-बायकोत भाव चाललाय. मध्येच मामा म्हणायचे, "बाई, जरा सावकाश," मध्येच म्हणायचे, "आता येऊ द्या." मामींनी तर तोंडही उघडलं नव्हतं. मामांना कसं कळत होतं, कुणास ठाऊक.

जिंतूर रस्त्याने बोरी आलं. पिशव्या कोऱ्याच. मामी गाडीतून उतरल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी मला वाटलं नव्हतं इतक्या भराभर आत गेल्या. आक्कांनी या वेळी "कोण?" असं विचारलं नाही. नुसता हात पुढे करून बहिणीचं तोंड चाचपलं. दोघी रडल्या, मग हसल्या, मग मामी बहिणीच्या केसांना तेल लावत बसल्या. कमी ऐकू येण्याची त्या दोन तासांत दोघींनाही अडचण झाली नाही.

मामा बाहेर गाडीपाशी होते. दस्तीने बॉनेटवरची धूळ पुसत होते. मी आत चला म्हटलं तर नको म्हणाले. थोड्या वेळाने आपणच बोलले, "बाई, जोडी मी इकली. ट्रॅक्टर परवडतो मनून इकली. ही एका शब्दानं बोलली न्हाई. पर त्या दिवशी हिचं माहेर बी मीच इकलं, हे मला लय उशिरा उमगलं."

मी दस्तीचं दुसरं टोक धरून काच पुसायला लागले.

मघाचं कोडं मामींनी उकललं, निघताना, पायात चपला घालता घालता. नवीन लग्न झालं तेव्हा घरात सासू-सासरे, दीर, नणंदा. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची सोय नाही. मग मामांनी त्यांना बाजारातली बोटं शिकवली. बैलगाडीत सगळे बसलेले असताना दस्तीखाली एक बोट म्हणजे बरी हाय, दोन म्हणजे तहान लागली, तीन म्हणजे थांबवा. "गाडीत तोंड उघडलं की मळमळतं मला," मामी म्हणाल्या, "मनून आज बी तसंच ठरवलं."

परतीच्या वाटेवर मामींचा पदर नाकावरून खाली आला. पुढे त्यांनी डोळेही उघडले आणि बाहेर बघायला लागल्या. परभणी जवळ आली तेव्हा पल्लवीने मागे वळून, भीत भीत विचारलं की मामी, कसं वाटलं? मी आरशात बघितलं. मामा मामींकडे बघत होते, पूर्वी बाजारात लोक त्यांच्याकडे बघायचे तसे, श्वास रोखून.

मामींनी चालत्या गाडीत तोंड उघडलं.

"पुढल्या ऐतवारी आक्काला ज्वारीच्या पापड्या न्यायच्यात," त्या म्हणाल्या. "गाडी तवर घरी यावी."

पल्लवीने सीटवर बसल्या बसल्या टाळी वाजवली. नेमका तेव्हाच गतिरोधक आला आणि दस्ती घसरून खाली पडली. मामींचा पंजा मामांच्या पंजात घट्ट होता. मामा चांगलेच गडबडले. हात न सोडता, पायाच्या अंगठ्याने दस्ती वर ओढायची त्यांची धडपड चालली होती आणि मामी खिडकीबाहेर बघत हसत होत्या. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला, हे इथे कबूल करते.

मी हात वर करून आरसा दुसरीकडे वळवला आणि गाडी आणखी थोडी हळू केली.